अनुभव द्यायचा कोणी?



ज्या मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी काम केले आहे. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण कोणी आपली स्तुती सुरू केली की त्या उठून वॉर्डात निघून जात. तेव्हा मी त्यांच्याविषयी न बोलता, त्यांना शेवटपर्यंत छळणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. नर्सिंगचे शिक्षण पुरे केलेल्या, परीक्षा पास झालेल्या, कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या मुलीला पहिली नोकरी का मिळत नाही? आणि मिळाली, तर ती घेण्याच्या लायकीची का नसते? मुलीला म्हटले, पण आता मुलेही आहेत आणि त्यांची वाट आणखी अरुंद आहे. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत परिचर्येच्या शंभर जागांपैकी वीसच पुरुषांना असतात, आणि खासगी रुग्णालये त्यांना बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहात, अपघात विभागात नाहीतर डायलिसिसला घेतात.

मिरजेत हा प्रश्न विचारणे मला फार महत्त्वाचे वाटते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभे केले आणि १८९७ मध्ये त्याच आवारात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. देशातल्या सर्वांत जुन्या नर्सिंग शाळांपैकी ती एक. पुढे १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज स्टेशनपासून बाहेर पडले की दवाखान्यांच्या पाट्या संपत नाहीत, आणि बेळगाव-विजापूरकडचे रुग्ण पहाटेच्या गाडीने इथे उतरतात. इतकी रुग्णालये, इतक्या खाटा आणि सव्वाशे वर्षांची परंपरा असलेल्या या गावात नोंदणीकृत परिचारिका फाईल छातीशी धरून एका रिसेप्शनवरून दुसऱ्या रिसेप्शनवर फिरते आहे. पहिला प्रश्न सगळीकडे तोच. "एक्सपिरिअन्स किती?"

ती म्हणते, "फ्रेशर आहे." मग तिची फाईल उघडलीही जात नाही.

आता या मुलीने मागच्या वर्षी काय केले होते ते पाहा. मी पाठ्यनिर्देशिका म्हणून शाळेत होते, त्यामुळे हे रोज पाहिलेले आहे. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी रात्रपाळीला मेल मेडिसिन वॉर्डात. खाटा तीस, आणि जमिनीवर घातलेल्या गाद्या वेगळ्या. स्टाफ सिस्टर एकच, तिच्याकडे शेजारचा वॉर्डही. रात्री दहाचा इंजेक्शनचा राऊंड ही मुलगी करते. बाराला शुगर तपासते, रायल्स ट्यूबमधून फीड देते, लघवीची पिशवी मोजून इनटेक-आऊटपुटच्या तक्त्यात लिहिते. तीन वाजता कोणाचे सलाईन शिरेबाहेर जाऊन हात सुजतो, ती सुई काढून नवी शीर शोधते. पहाटे रक्ताचे नमुने, ताप-नाडी, स्पंजिंग, आणि सातला दिवसपाळीला हँडओव्हर. मग वसतिगृहात जाऊन दोन तास झोप आणि दुपारी वर्गात माझा तास. या सगळ्याबद्दल तिला पगार नव्हता. खासगी महाविद्यालयात असेल तर उलट ती फी भरत होती.

तीच मुलगी उत्तीर्ण झाली, नोंदणी क्रमांक हातात आला, आणि त्या दिवसापासून ती "अनुभव नाही" या सदरात गेली. विद्यार्थिनी असताना तीस माणसांची रात्र जिच्यावर सोपवता येत होती, ती परिचारिका झाल्यावर दहा माणसांची दुपार सांभाळायला कमी पडते. मेट्रनबाई म्हणत, हा हिशेब कोणी मला समजावून सांगावा. फुकटच्या हातांना काम करता येते आणि पगाराच्या हातांना येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अनेक नर्सिंग शाळांना जोडलेली रुग्णालये विद्यार्थिनींच्या बळावर चालतात. एक तुकडी गेली की दुसरी येते, मग पहिल्या तुकडीला नोकरीवर घ्यायची गरज कोणाला उरेल?

इथे नेहमी एक आक्षेप येतो, की देशात तर परिचारिकांचा तुटवडा आहे. तो आहेच. भोर समितीने १९४६ साली पाचशे लोकसंख्येमागे एक परिचारिका हे दूरचे उद्दिष्ट ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीने हजारी तीन हव्यात आणि आपले सरकारी आकडे हजारी दोनच्या आसपास घुटमळतात. त्यातही परदेशी गेलेल्या, काम सोडलेल्या कितीजणी नोंदवहीत अजून धरलेल्या असतात. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका, असा दंडक आहे. तो पाळणारा वॉर्ड आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे?

पण गरज असणे आणि नोकरी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीसाठी पद मंजूर व्हावे लागते, त्या पदाला पैसा लागतो आणि ते भरायची कोणाची तरी इच्छा लागते. शासकीय रुग्णालयांत खाटा वाढतात, रुग्ण त्याहून वाढतात, पदांचा आकृतिबंध मात्र जुना राहतो. जी पदे मंजूर आहेत त्यांतली बरीच रिकामी असतात. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही. वैद्यकीय शिक्षण विभागाची अधिपरिचारिकांची मोठी भरती २०२३ साली निघाली, तेव्हा परीक्षेला बसलेल्यांत नुकत्याच पास झालेल्या मुली होत्या आणि वर्षानुवर्षे वाट पाहून दोन मुलांच्या आया झालेल्याही होत्या. त्या परीक्षेत पहिल्या नोकरीसाठी वेगळी वाट नव्हती.

दोन जाहिरातींच्या मधल्या काळात कंत्राटे असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्सच्या जाहिराती महिना २० हजार मानधनाच्या निघत आल्या आहेत, आणि करार ११ महिने २९ दिवसांचा. नियमित अधिपरिचारिकेचे मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होते, भत्ते निराळे. काम तेच, गणवेश तोच, रात्रपाळी तीच. मे २०२२ मध्ये भरती बाह्यस्रोतातून करायच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी रुग्णांचे हाल छापले. ते हाल खरेच होते. पण नव्या मुलींचे पुढे काय होणार, हाही त्या संपाचा विषय होता, आणि तो फार थोड्यांनी मांडला. त्याच्या दोनच वर्षे आधी, कोविडमध्ये, जंबो केंद्रांसाठी याच नव्या मुलींना शोधून शोधून बोलावले होते. तेव्हा कोणी अनुभव विचारला नाही. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास त्या उभ्या राहिल्या. लाट ओसरली, केंद्रे बंद झाली, आणि त्यांना घरी पाठवले. माझ्या एका विद्यार्थिनीला तिथल्या कामाचा साधा दाखला मिळवायला कितीतरी खेटे घालावे लागले.

खासगी क्षेत्राकडे वळते. मोठ्या शहरांतली मोठी रुग्णालये नव्या मुली घेतात, प्रशिक्षणही देतात, हे मान्य केले पाहिजे. तिथे मानांकनाच्या तपासणीत नोंदणीकृत परिचारिका दाखवाव्या लागतात. पण पुण्या-मुंबईत जो पगार मिळतो त्यातला निम्मा वाटा कॉट बेसिसवरच्या भाड्यात आणि मेसमध्ये जातो. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता बाप गावाहून भरतो. काही ठिकाणी बाँड लिहून घेतात आणि मूळ मार्कशीट, नोंदणी प्रमाणपत्र कपाटात ठेवून देतात. मुंबईत २०११ साली एका तरुण केरळी परिचारिकेच्या आत्महत्येनंतर परिचारिका रस्त्यावर आल्या, त्यात हे बाँड आणि अडवलेले कागद हाच मुख्य मुद्दा होता. मुलींनो, तुमची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या.

खरी घुसमट तालुक्याच्या गावी आहे, आणि त्यावर मला जास्त वेळ बोलायचे आहे, कारण माझ्या बहुतेक विद्यार्थिनी तिथल्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, मंगळवेढा. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या, ऊसतोड करणाऱ्यांच्या, वीटभट्टीवर जाणाऱ्यांच्या मुली. घरातली पहिली शिकलेली बाई. नर्सिंगची जीएनएम पदविका घेतल्यावर ती गावाजवळच्या १५ खाटांच्या नर्सिंग होममध्ये जाते. तिथे आधीपासून दोन-तीन मुली असतात, दहावी-बारावी झालेल्या. डॉक्टरांनीच त्यांना इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला शिकवलेले. गणवेश सारखाच. त्या मुलींचा मला राग नाही, त्याही पोटासाठीच आल्या आहेत. पण डॉक्टर नव्या मुलीला सांगतात, "ह्या सात हजारांत करतात, तुला आठ देतो." तीन वर्षांच्या शिक्षणाची किंमत एक हजार रुपये.

आणि ती आठ हजारांत राहते. रोख पगार, हातात पाकीट. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगाराची पावती नाही. दोन वर्षे ती तिथे बाळंतपणे, अपघात, सर्पदंश, सगळे पाहते. मग तिला कळते की एम्सच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएम उमेदवाराकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिचे रुग्णालय १५ खाटांचे. बीएस्सी झालेल्या मुलीला ही अट नाही, पण बीएस्सीची फी या घरांना परवडली असती तर ती जीएनएमला आलीच नसती. आखाती देशात जायचे म्हटले तर तिथेही साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि तो पडताळून पाहतात. पत्र जाते, फोन जातो, पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागितला जातो. पाकिटातल्या पगाराचा पुरावा कुठून आणणार? दोन वर्षे राबून ती कागदावर पुन्हा फ्रेशर ठरते. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे, आणि त्याची कुठे तक्रार नोंदवायची हेही तिला कोणी सांगत नाही.

पैसा नाही, असे छोटी रुग्णालये म्हणतात. सगळ्यांचे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण रुग्णाच्या बिलावर "नर्सिंग चार्जेस" अशी वेगळी ओळ असते, ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. समजा, रोजचे ३०० रुपये लावले आणि आठ खाटा भरलेल्या आहेत. दिवसाचे २,४०० झाले, महिन्याचे ७२ हजार. तीन पाळ्यांच्या तिघी आणि सुट्टीच्या बदलीची एक, अशा चौघी धरल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला १८ हजार येतात. रुग्ण हे पैसे परिचारिकेच्या नावाने भरतो. ते तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत.

न्यायालयापर्यंतही हे गेले आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितले. त्या समितीची शिफारस स्पष्ट आहे. ५० खाटांहून लहान रुग्णालयातसुद्धा पगार २० हजारांखाली नको. ५० ते १०० खाटांत सरकारी वेतनाहून फार तर २५ टक्के कमी, शंभराच्या वर फार तर १० टक्के कमी, आणि दोनशेच्या वर सरकारी वेतनाइतकाच. केरळात परिचारिकांनी लढून २०१८ साली खासगी रुग्णालयांसाठी २० हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढायला लावली. आपल्या भागातल्या लहान रुग्णालयांत मला त्या शिफारसींची खूण अजून दिसलेली नाही.

या सगळ्यात मुलीचे वय पुढे सरकते. बावीस-तेवीस वर्षांची नर्स घरी बसली की सहा महिन्यांत स्थळे येऊ लागतात. नोकरी असती तर बापाला "अजून दोन वर्षे थांबू" म्हणता आले असते. नोकरी नाही म्हणून लग्न होते, आणि सासरी रात्रपाळी चालत नाही. राज्याने जिच्या शिक्षणावर शिष्यवृत्ती खर्च केली, ती परिचारिका एकही रुग्ण न पाहता संपते. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी विधवा-परित्यक्तांना नर्सिंगला पाठवले, तेव्हा पुण्यातल्या सभ्य घरांनी नाके मुरडली होती. तो विरोध त्या बायांनी पचवला तो या कामातून स्वतःच्या पायावर उभे राहता येते म्हणून. आज पदवी घेऊनही उभे राहता येत नसेल, तर आपण मागे आलो आहोत.

तरीही रुग्णालयवाल्यांची एक गोष्ट मला खोडता येत नाही. नवी परिचारिका खरोखरच चुकू शकते. पोटॅशियम क्लोराईडची दहा मिलिलिटरची अँप्युल आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल ट्रेमध्ये शेजारी शेजारी पडलेल्या असतात, घाईत दोन्ही सारख्याच दिसतात. पोटॅशियम थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. ते सलाईनमध्ये नीट मिसळून, ठरलेल्या वेगानेच द्यायचे, हे प्रत्येक मुलगी वर्गात घोकते. पण रात्री दोन वाजता, तीन नातेवाईक ओरडत असताना, पुस्तकातले वाक्य हातापर्यंत यायला शेजारी कोणीतरी लागते. मेट्रनबाईंची पद्धत होती. नवी मुलगी औषध भरत असली की त्या मागे उभ्या राहून एकच म्हणत, "लेबल मोठ्याने वाच." ती वाचायची. पहिले तीन महिने प्रत्येक अँप्युल मोठ्याने. त्यांच्या वॉर्डातली कोणतीही नवी मुलगी रात्री एकटी नसायची. त्या वेळी मनुष्यबळ आजच्याहून फार जास्त होते असे नाही. ड्युटी लावतानाच त्या जुनीबरोबर नवी लावत, आणि त्यासाठी वरिष्ठांशी भांडत.

म्हणजे अनुभव ही कोणीतरी द्यायची गोष्ट आहे. नव्या डॉक्टरला तो द्यायची सोय आपण केलेली आहे. एमबीबीएसनंतर वर्षभराची इंटर्नशिप, विद्यावेतनासह, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. ते वर्ष झाल्याशिवाय त्याची कायम नोंदणीच होत नाही. ब्रिटनमध्ये नव्या नोंदणीकृत परिचारिकेला सुरुवातीचे महिने ठरवून दिलेल्या अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने काम देण्याची रीत आहे. आपल्याकडे नर्सिंगची इंटर्नशिप अभ्यासक्रमाच्या आत कोंबलेली, विद्यार्थिनीच्या पदरमोडीने. नोंदणीनंतरचे पहिले वर्ष कोणाचेच नाही.

ते वर्ष शासनाने आपले म्हणावे, अशी माझी मागणी आहे. नोंदणी झालेल्या प्रत्येक इच्छुक मुलीला आणि मुलाला जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्ष पगारी नियुक्ती. पगार २० हजारांहून कमी नाही आणि तो बँकेत. प्रत्येकीला नाव लिहून दिलेली एक वरिष्ठ अधिपरिचारिका किंवा परिसेविका, आणि तिच्याही कामात ही जबाबदारी धरलेली. पहिले तीन महिने एकटीला रात्रपाळी नाही. वर्षअखेर दाखला, आणि तो अनुभव सर्व शासकीय परीक्षांना ग्राह्य.

ही सूचना उलटू शकते, हे मला दिसते. वर्षावर वर्षे अशाच नव्या मुली स्वस्तात राबवायच्या आणि नियमित पदे रिकामी ठेवायची, असे कोणत्याही सरकारला सुचेल. विद्यार्थिनींचे जे झाले तेच नोंदणीकृत परिचारिकांचे होईल. म्हणून या नियुक्त्या मंजूर पदांवर नकोत, त्यांच्याव्यतिरिक्त हव्यात. आणि जिथे तीस टक्के पदे रिकामी आहेत त्या रुग्णालयाला आधी जाहिरात काढायला लावली पाहिजे. संघटनेतल्या माझ्या मैत्रिणी या सूचनेकडे संशयाने पाहतात. त्यांचा संशय रास्त आहे. अट लिहून घेतल्याशिवाय त्यांनी ती मान्य करू नये.

महाविद्यालयांबद्दलही एक सांगते. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नर्सिंग महाविद्यालये जाहीर केली. रुग्णालयाला जोडलेली असतील तर आनंदच आहे. पण मध्य प्रदेशात कागदोपत्री महाविद्यालयांचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सीबीआयला तपास करावा लागला, तो धडा ताजा आहे. जिथे खाटाच नाहीत तिथे शिकलेली मुलगी आणि खऱ्या वॉर्डात शिकलेली मुलगी बाजारात एकाच दाराशी उभ्या राहतात, आणि पहिलीमुळे दुसरीवरचाही विश्वास जातो. प्रवेश घेण्याआधी पालकांनी रुग्णालय स्वतः जाऊन बघावे. खाटांवर रुग्ण आहेत का ते बघावे. इमारतीच्या काचा बघू नयेत.

परदेशाविषयी थोडेच बोलते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि मुली भाषा शिकू लागल्या. जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण एजंटाला लाखो रुपये मोजण्याआधी तो नोंदणीकृत आहे का ते तपासा. आणि ज्यांच्या घरी आजारी आई आहे, ज्यांना जायचे नाही, त्यांनाही इथे पहिली नोकरी मिळालीच पाहिजे.

शासनाचा निर्णय होईल तेव्हा होईल. या सभागृहात मिरज-सांगलीतली रुग्णालये चालवणारे निदान वीसजण बसलेले मला दिसताहेत. कित्येकजण माझ्या ओळखीचे आहेत, काहींच्या रुग्णालयांत माझ्या विद्यार्थिनी इन्चार्ज आहेत. तुमच्या पुढच्या जाहिरातीतून "किमान दोन वर्षांचा अनुभव" ही अट निदान दोन जागांपुरती काढा. पगार बँकेत द्या, आणि जाताना दाखला मागावा लागणार नाही असे करा. नवी मुलगी एकटी कशी सोडायची ही तुमची अडचण असेल, तर मी निवृत्त आहे आणि माझ्यासारख्या आणखी काहीजणी या गावात आहेत. आठवड्यातून दोन रात्री आम्ही तुमच्या वॉर्डात येऊन त्यांच्या मागे उभ्या राहू, मानधन न घेता. कोणाला हवे असेल त्यांनी सभा संपल्यावर कार्यकर्त्यांकडे नाव आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या लिहून द्यावी. यंदाचा निकाल लागला की मी मुलींना घेऊन तुमच्याकडे येईन.